तुळसाची हाक

किनाऱ्याला पळस नाही. देह न सापडलेल्या दत्ताचा जाळायचा पुतळा बांधायला लागणारी पळसाची पानं त्याचा मेव्हणा चंदन आदल्या संध्याकाळी कणकवलीहून घेऊन आला होता, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आणि सकाळी गोणपाट त्याने पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं. दत्ताची आई तुळसा तेव्हा वृंदावनाला पाणी घालत होती. तांब्या खाली ठेवून ती पडवीत आली.

“ह्या काय?”

“पानां,” दत्ताचा भाऊ सुशांत म्हणाला.

“कसली?”

तुळसाने गोणपाटाचं तोंड सोडलं, आत हात घालून एक पान काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि होतं तसं परत ठेवलं.

“म्हणजे तुमचा ठरला,” ती म्हणाली. “मगे तेजूक कित्याक बोलवलात? माका धरून ठेवूक?”

ती आत गेली. सुशांतने चंदनकडे पाहिलं. दोघांनाही सकाळपासून एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

दत्तप्रसादची होडी गेल्या वर्षी, गणपती गेल्यावर जो वारा सुटला त्यात उलटली. होडीवर दोघे होते, तो आणि खलाशी धोंडू. धोंडूला सर्जेकोटच्या एका होडीने उचललं. होडी सापडली, जाळं सापडलं, दत्ता सापडला नाही. या किनाऱ्यावर समुद्र माणूस नेतो तसा परतही देतो, असं जुनी माणसं सांगतात. दत्ताला त्याने दिलं नाही, आणि तेवढ्याच आधारावर तुळसाने सगळ्यांचं तोंड बंद केलं होतं. कुठल्या तरी मोठ्या जहाजाने उचलला असेल. कारवारच्या खाली कुठे लागला असेल, डोकं फुटून नाव विसरला असेल. गेल्या पितृपक्षात तिने घरात पिंड होऊ दिला नाही. सुनेच्या कपाळावरचं कुंकू पुसू दिलं नाही. आणि रोज दिवस कलला की ती आपल्या तळाशील गावच्या किनाऱ्यावर, वाळूत जाऊन उभी राहायची, तोंडाशी दोन्ही हात धरायची आणि मुलाला हाक मारायची.

ती हाक आली की सुशांत होडीचं इंजिन चालू करायचा. काम असो वा नसो. पर्यटकांना घेऊन तो खाडीतून फेऱ्या मारत असे, त्यांच्यातलं कुणी विचारायचं, ती बाई कुणाला बोलावतेय? सुशांत म्हणायचा, गुरांना.

दत्ता मेला हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

*

भटजी यायच्या आधी सगळे माजघरात बसले. बाळाकाका भिंतीला टेकून बसला होता. तो तुळसाचा धाकटा दीर, दशावतारी कंपनीत मृदंग वाजवून बोटं जाड झालेला आणि आता कानाने अधू. त्याच्या शेजारी सुशांत. तुळसाची लेक तेजस्वी, घरातली तेजू, आईच्या समोर. आदल्या दिवशी ती मुंबईहून आली, तेव्हापासून आई तिच्याशी जेवलंस काय, निजलंस काय, एवढंच बोलली होती. दत्ताची बायको किशोरी स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ मळत होती. दार उघडं होतं.

“वयनी,” बाळाकाका म्हणाला, “भटजी सांगतत ता आयक. गती नाय मिळाली तर जीव घराभोवती फिरत रवता.”

“फिरांदे,” तुळसा म्हणाली. “घराकडे तरी येयत.”

“असा बोला नको.”

“मगे कसा बोलू? माझो झील मी बघूक नाय मेलेलो. तुमी कोणी बघलात?”

सुशांतने जमिनीकडे पाहिलं. तेजस्वीला वाटलं आता आपणच बोलायला हवं. त्यासाठीच आपल्याला बोलावलं आहे.

“आये, एक वर्स झाला. आमी सगळीच थकलंव. त्येका सोडूक व्हया आता.”

“तू खंय थकलंस?” तुळसा शांतपणे म्हणाली. “तू हंय होतंस खंय?”

तेजस्वी या घरात पेटीजवळ वाढली होती. वडील हरिश्चंद्र कंपनीत पायपेटी वाजवायचे. पावसाळ्यात नाटकं बंद झाली की पेटी घरी यायची, आणि वडील वाजवत असताना खाली बसून हाताने भाता दाबायचं काम तेजस्वीचं असायचं. सूर वर निघतात आणि वारा खालून लागतो, एवढं तिला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. पुढे मालवणातल्या पिंटोबाईंनी तिला त्यांच्या घरातल्या पियानोवर बसवलं. खाऱ्या हवेने त्या पियानोच्या तारा गंजल्या होत्या, काही पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहायच्या. दर रविवारी दत्ता तिला तरीतून खाडीपलीकडे न्यायचा, तिथून सायकलवर मालवणला. ती शिकत असताना तो बाहेर गडग्यावर, दगडी कुंपणावर बसून तिचेच धडे शिट्टीवर वाजवायचा, आणि हमखास चुकायचा. तिने केलेली पहिली रचना त्या चुकांची होती. तो जिथे चुकायचा तिथून तिने वेगळी वाट काढली.

वडील गेले तेव्हा दत्ता कॉलेजात होता. त्याने कॉलेज सोडलं, जाळं धरलं, आणि तिला सांगितलं, तू मुंबयक जा, हयसर एकान रवला तर पुरे. ती गेली. हॉटेलांच्या दिवाणखान्यात वाजवलं, श्रीमंतांच्या मुलांना शिकवलं, मग हळूहळू स्वतःचं लिहायला लागली. आता लोक तिकीट काढून तिला ऐकायला येत, आणि वाजवून झाल्यावर विचारत, हे सुचतं कुठून? ती म्हणायची, समुद्रावरून. ते ऐकायला बरं वाटतं लोकांना.

“मी पण वर्सभर त्येच्याचसाठी…” ती म्हणाली आणि थांबली.

“सांग ना,” स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. किशोरी तिथे उभी होती, मनगटापर्यंत पीठ. “वर्सभर काय केलंस ता सांग आयेक.”

*

किशोरीने ते चित्रण आदल्या संध्याकाळी पाहिलं होतं, भावाच्या फोनवर. चंदनला वाटलं होतं तिला ठाऊक असेल. सगळ्या तालुक्यात फिरत होतं. मुंबईतलं एक सभागृह, काळा पियानो, तेजस्वी. ती खूप वेळ हळू वाजवत राहते. मग अंधारातून कुणी बाई हाक मारते. दत्ता रे. पियानो थांबतो. पुन्हा हाक. लोक श्वास रोखून बसलेले. शेवटी सगळे उठून उभे राहतात, टाळ्या. खाली कुणी लिहिलं होतं, अंगावर काटा आला. कुणी लिहिलं होतं, ही आमच्या तळाशीलची म्हातारी, डोक्यावर परिणाम झालाय. आणि कुणाच्या तरी पोरांनी तिची नक्कल करून, हसत हसत, आपलंही एक चित्रण टाकलं होतं.

किशोरीला झोप लागली नाही असं काही झालं नाही. ती झोपली. सकाळी उठून तिने कुंकू लावलं, जसं ती वर्षभर लावत आली होती.

“काय केल्यान तिणा?” तुळसाने विचारलं.

“आये, माका सांगूचाच होता,” तेजस्वी म्हणाली. “विधी झाल्यार…”

“चंदन, फोन खिशात ठेव,” सुशांत पटकन म्हणाला, आणि त्याबरोबर सगळ्यांना कळलं की त्यानेही ते पाहिलेलं आहे.

“वा,” किशोरी म्हणाली. “भावजींका पण म्हायत. आई, तुमची हाक हिणा मुंबैत पियानोवांगडा वाजवल्यान. लोकांनी टाळयो मारल्यानी.”

“माझी हाक?”

“तुमी रोज सांजेक मारतात ती.”

बाळाकाकाला नीट ऐकू गेलं नव्हतं. सुशांतने त्याच्या कानाशी लागून सांगितलं. म्हातारा बराच वेळ मान हलवत राहिला.

“हरिदादाचाच चेडू ता,” तो म्हणाला. “शिरोड्याक आमचा नाटक होता. वाटेर एका घरात मयत झालेला. दादा गडग्याभायर उबो रवलो, रडणा आयकल्यान. मगे नाटकातल्या राणयेच्या विलापाक ताच रडणा पेटीर. माणसां ढसाढसा रडली. मी इचारलंय, दादा, ह्या बरा काय? तर म्हणता, वाया गेला असता.”

“काका, मी वाया जावक नको म्हणान नाय केलंय,” तेजस्वी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “शिमग्याक इल्लंय तेवा मी नुसतो समुद्र भरून घेत होतंय फोनात. आये इली. हाक मारल्यान. माका बंद करूक जमला नाय. इचारूक व्हया होता. नाय इचारलंय.”

“आणि मगे?” किशोरीने विचारलं.

“मगे मी ता रोज आयकत रवलंय. दुसरा काय सुचाच नाय. दत्ता म्हणताना आयेचो आवाज खाली येता, रे म्हणताना वर जाता आणि थंयच रवता. खाली येनाच नाय. मी त्येच्याखाली वाजवत गेलंय, दत्ताची शिट्टी धरून. मी रडलंय त्येच्यार, वयनी. माझो पण भाव होतो.”

“होतो,” तुळसा म्हणाली.

तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं.

“होतो म्हणालंस. लोकांका पण असाच सांगितलंस? होतो म्हणान?”

“होय,” तेजस्वी म्हणाली.

तुळसा उठली नाही, ओरडली नाही. पदराने तोंड पुसून ती जरा पुढे सरकली.

“लाव,” ती म्हणाली. “माका आयकूचा आसा.”

“आये, नको.”

“सगळ्या गावान आयकला ता मी आयकू नको?”

*

तुळसाला पियानोचं काही कळलं नाही. लांबून पाणी ठिबकल्यासारखं वाटलं, थेंब थेंब, मग जरा जास्त. तेजूने फोन तिच्या कानाजवळ धरला होता. मग कुणी बाई हाक मारू लागली, आणि तुळसाला पहिल्यांदा वाटलं की ही कुठली म्हातारी, हिचं कोण हरवलं, हिला घरात घेणारं कुणी नाही का. आवाज फाटका होता. नावाचा उच्चार झाला तेव्हा तिला कळलं.

किनाऱ्यावर हाक मारताना ती आपला आवाज कधी ऐकत नसे. लाट यायची, वारा यायचा, त्यात सगळं मिसळून जायचं, आणि त्या गोंगाटात कुठेतरी उत्तर आहे, आपल्याला नीट ऐकू येत नाही इतकंच, असं वाटायला जागा राहायची. इथे तेजूने लाटा काढून टाकल्या होत्या. एक हाक संपली की नुसती शांतता होती, आणि ती शांतता तिने लांबवली होती, कुणालाही ओ द्यायला पुरेल इतकी. तुळसा वाट बघत होती. दुसरी हाक आली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने वाट बघितली नाही.

शेवटच्या टाळ्या तिला आधी पावसासारख्या वाटल्या.

“ह्येका नाव काय ठेवलंस?” तिने विचारलं.

“ओ,” तेजस्वी म्हणाली.

“पण तो ओ देना नाय.”

“नाय, आये.”

तुळसाने मान वळवली ती तेजस्वीकडे नाही, सुनेकडे.

“धोंडू खंय गेलो?”

“रत्नागिरीक,” किशोरी म्हणाली. “थंयच्या बोटीर आसा.”

“वर्सात माझ्यासमोर एकदा इलो नाय. देवळाकडे माका बघल्यान आणि तोंड फिरवन गेलो. माका वाटला, शरम वाटता, तो वाचलो म्हणान. ता नाय होता तर.”

किशोरीने हातावरचं पीठ झाडलं. ते सुकून पापुद्र्यासारखं निघत होतं.

“धोंडून बघल्यान,” ती म्हणाली. “ह्येंचो पाय जाळयाच्या दोरात अडकलेलो. धोंडून हात धरलेल्यान. खूप येळ धरलेल्यान. मगे सुटलो. वर इले नाय.”

“तुका केवा सांगल्यान?”

“तेवाच. पाठल्या दारान इल्लो.”

“तुका एकट्येक?”

सुशांतचे कान तापले. धोंडू मागच्या दाराने आला तेव्हा किशोरीबरोबर तोही उभा होता. आईला इतक्यात सांगायचं नाही, जरा सावरू दे, हे त्यानेच ठरवलं होतं. मग सावरायचे दिवस लांबत गेले, आणि सांगायची वेळ निघून गेली. त्याने तोंड उघडलं. किशोरीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“माका एकट्येक,” ती म्हणाली.

“आणि कुकू लावन माझ्यावांगडा बसत होतंस?”

“तुमका बरा वाटात म्हणान.”

“माका बरा वाटात म्हणान,” तुळसाने तेच शब्द हळू उच्चारले. “मी वाळूत उबी रवान बोंबलतंय, आणि तू चुलीकडे बसान आयकतंस. गावाक म्हायत, मुंबैक म्हायत. ज्याच्यासाठी बोंबलतंय तो नाय ह्या माका सोडून सगळ्यांका म्हायत. माझी शोभा बघलंस वर्सभर.”

“आई, मी…”

“माका आई म्हणा नको.” तिने हात पुढे केला आणि तेजस्वीचं मनगट धरलं. हात थंडगार होता, पण पकड घट्ट. “ह्या चेडवान निदान कान दिल्यान. तुमी सगळ्यांनी बोळे घातलात.”

तेजस्वीने त्याच वेळी बोलायला हवं होतं. आये, वयनीने सगळं अंगावर घेतलं, मी नुसती घेऊन गेले, एवढं म्हणायला हवं होतं. पण आईने तिला असं धरलं नव्हतं कितीतरी वर्षांत. दत्ता गेला तेव्हाही नाही. ते मनगट सोडवून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. ती गप्प बसली, आणि किशोरी दारातून आत वळली.

बाहेर भटजींच्या मोटारसायकलचा आवाज आला.

“जावा,” तुळसा म्हणाली. “जाळा त्येका.”

*

पुरुष पानं घेऊन खाडीकाठी गेले. पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. सुशांतने अग्नी दिला. घरातून सुरूच्या बनावर धूर दिसत होता, पातळ, वाऱ्याने लगेच मोडणारा. तुळसा पडवीत बसून त्याकडे बघत होती.

किशोरी आतल्या खोलीत कपडे पिशवीत भरत होती. कुंकू तिने स्वतः पुसलं होतं. मंगळसूत्र काढून फडताळात ठेवलं होतं. चंदनने तिच्यासाठी कणकवलीच्या एका कॉलेजात नोकरीचं बघून ठेवलं होतं, पावसाळ्यापासून ती जागा तिची वाट बघत होती. ती बीकॉम होती, हे या घरात फारसं कुणाला आठवत नव्हतं.

“वयनी,” तेजस्वी दारात येऊन म्हणाली. “मी आयेक समजावतंय. तू जाव नको.”

“मगाशी समजावलंस ता बघलंय मी.”

तेजस्वी खाली बसली. “काय बोलू ता समाजला नाय.”

“होय. बरा वाटला असतला तुका.” किशोरीने साडीची घडी घातली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तेजस्वीला झेपत नव्हतं. “माका एक सांग. त्या तुझ्या वाजवण्यात आये आसा, तू आसस. ह्येंची शिट्टी आसा म्हणतंस. माझा खंय आसा?”

किशोरीने साडी पिशवीत ठेवली.

“एका वर्सात मी एकदा पण रडलंय नाय,” किशोरी म्हणाली. “रडलंय असतंय तर आयेक कळला असता. न्हाणीत पण नाय रडलंय, डोळे लाल होतत म्हणान. सांजेक ती हाक मारी तेवा मी भाताक आधण ठेवी. रोज. ता तू कसा वाजवशीत?”

बाहेर कुणी तरी पाण्याची कळशी ठेवली. तेजस्वीच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची तिलाच किळस वाटली: आधणाचा आवाज कसा वाजवावा, कुठल्या सप्तकात, याचा विचार. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

“काय करू सांग,” ती म्हणाली.

“काढून टाक.”

“काढतंय. लोकांनी पुढे पाठवलेला माझ्या हातात नाय, पण माझा काढतंय.”

“आणि तुझ्याकडे आसा ता मूळ?”

तेजस्वीने वर पाहिलं. हिवाळ्यात गोव्यात तीच रचना वाजवायची ठरली होती, पुढे परदेशात. मूळ ध्वनिमुद्रण नसेल तर ती रचना उरत नव्हती; पियानोचा प्रत्येक सूर त्या हाकेच्या आधाराने उभा होता. किशोरीला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिने तेच मागितलं असतं.

“मूळ पण,” तेजस्वी म्हणाली. तिने तिथेच बसून, किशोरीच्या समोर, एक एक करून सगळं पुसून टाकलं. फोनातलं, आणि फोनातूनच जिथे जिथे ठेवलं होतं तिथलं. किशोरी बघत होती. झाल्यावर तिने पिशवीची चेन लावली.

“मी तुका वायट म्हणूक नाय,” ती म्हणाली. “पण माका तुझा तोंड बघूक नको आता.”

सुशांत खाडीवरून परतला तेव्हा चंदनची गाडी वळवून उभी होती. अंगावर ओलं धोतर, केसांतून पाणी. किशोरी गाडीजवळ होती. तुळसा पडवीतून आत गेली होती, सून निघताना तिने दाराकडे पाठ केली होती.

“वयनी, थांब,” सुशांत म्हणाला. “मी आयेक सांगतंय. आता जावन सांगतंय, मी पण होतंय म्हणान.”

“नको.”

“तुझ्यार कित्याक?”

“माझ्यार तर झालाच आसा.” तिने गाडीचं दार उघडलं. “तिका एक तरी झील ऱ्हवांदे.”

गाडी माडांमधून बाहेर पडली. सुशांत तसाच उभा राहिला, त्या धोतरात, अंगावरचं पाणी सुकेपर्यंत. बाळाकाका त्याच्याजवळ आला, काही विचारावं असं त्याच्या मनात होतं. पण त्याने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे गेला.

*

त्या दिवशी वडे कुणी खाल्ले नाहीत. कावळ्याला वाढलेलं पान कावळ्याने शिवलं, लगेच शिवलं, आणि भटजी म्हणाले, चांगलं झालं, मोकळा झाला. तुळसाने ते ऐकलं. जेवणं झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दिवस कलला तशी ती उठली. तेजस्वी पडवीत बसली होती. सुशांत होडीकडे गेला नव्हता. मागच्या अंगणात नारळ सोलत होता, एकामागून एक, कुणी मागितलेले नसताना.

तुळसा येऊन लेकीजवळ बसली.

“लाव ता,” ती म्हणाली.

तेजस्वीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“आये, ता नाय आता.”

“नाय म्हणजे?”

“पुसून टाकलंय. वयनीन सांगल्यान. तिचा खरा होता, आये. आणि तू तिका जा काय बोललंस ता खरा नाय. ती तुझ्यासाठीच गप रवली. मी मगाशी बोलूक व्हया होतंय.”

तुळसाने ऐकलं. समोर वाळूपलीकडे समुद्र तांबूस होत होता, आणि वारा सुटला होता.

“खंय पोचली असतली?” तिने विचारलं.

“कणकवलीक. मघाशीच.”

“जेवली नाय ती.”

“नाय.”

मग तुळसा उठली, आणि तेजस्वीला वाटलं ती आत जाते आहे. पण ती पायऱ्या उतरून वाळूत गेली. तेजस्वी मागून धावली. पाण्याच्या जवळ, रोजच्या जागी, तुळसा थांबली. तिने तोंडाशी हात नेले नाहीत. हात तसेच बाजूला लोंबत होते.

“भटजीन सांगल्यान,” ती म्हणाली, “आता मी हाक मारूची नाय. आवशीन हाक मारली तर तो परत फिरतलो. जाताना तेका तरास नको.”

“बरा, आये. घराकडे चल.”

“तुका काय सांगूक नाय भटजीन.”

तेजस्वीने आईकडे पाहिलं.

“तू मार,” तुळसा म्हणाली. “एकदा. माका आयकूचा आसा.”

तेजस्वीने आजवर आपल्या आवाजाने काहीच गायलं नव्हतं. जे काही होतं ते बोटांत होतं. दत्ताला तिने लांबून हाक कधी मारलीच नव्हती. तोच तिला मारायचा, गडग्यावरून, तरीवरून, चल गो तेजू म्हणून, आणि ती ओ द्यायची. तिने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. मग नाव निघालं, बसलेल्या, उघड्या आवाजात, आणि अर्ध्यावर फुटलं.

मागच्या अंगणातला नारळ सोलायचा आवाज थांबला.

“जोरान,” तुळसा म्हणाली. तिने डोळे मिटले होते आणि मान जराशी कलती केली होती. “अजून जोरान मार, गो. वारो आसा.”